रुसलेला वाचक घर कां सोडीत नाहीं?

गेल्या वर्षीं आम्ही सपत्नीक चार महिने अमेरिकेंत, न्यू जर्सी येथें, आमच्या पुतण्याकडे राहून आलों. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा विचार नाहीं. हल्लीं घरोघरीं कोणी ना कोणी तिकडे जाऊन आलेला असतो, आणि ऐकणारांचा उत्साह केव्हांच संपला आहे. परंतु तेथें आम्हांस एका घरगुती तंट्याचा निवाडा करावा लागला, व त्या निमित्तानें मनुष्यस्वभावाचें जें एक अंग दृष्टीस पडलें, तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

तंटा असा. पुतण्याच्या घराच्या तळघरांत पुठ्ठ्याचीं लांबट खोकीं भिंतीशीं रचून ठेवलेलीं आहेत. त्यांत दरमहा विकत घेतलेल्या चित्रकथांचे अंक, म्हणजे ज्यांस आपल्याकडेहि सर्वजण कॉमिक्स म्हणतात ते, प्रत्येकास प्लॅस्टिकची पिशवी व पाठीशीं पुठ्ठा देऊन, क्रमवार लावलेले आहेत. सूनबाईंची तक्रार खर्चाबद्दल होतीच. एका अंकास हल्लीं चार ते पांच डॉलर पडतात, आणि महिन्यास असे पुष्कळ अंक घरांत येतात. पण तिचा खरा सवाल निराळाच होता. ती म्हणाली, "काका, ह्यांना तें आवडत असतें, तर मी बोललेंच नसतें. दर बुधवारीं नवे अंक आणतात, वाचतात, कथेची नासाडी केली म्हणून जेवतांना चिडचिड करतात, आणि पुढच्या बुधवारीं पुन्हां आणतात. वाईट आहे, तर घेतात कशाला?"

सवाल बिनतोड होता. पुतण्यास विचारलें, तर तो नुसता हंसला व "सवय!" म्हणाला. पस्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या मास्तराचें ह्या उत्तरानें समाधान होणें शक्य नव्हतें. शिवाय दुपारचा वेळ मोकळा होता. तेव्हां आम्हीं तळघरांत उतरून तीं खोकीं उघडलीं.

ज्यांस ह्या वाङ्मयाचा परिचय नसेल, त्यांच्यासाठीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. 'सुपरमॅन' हा वीर जून १९३८ च्या अंकांत प्रथम अवतरला. त्या अंकाची किंमत दहा सेंट होती. आमच्या पुतण्याचा आवडता 'स्पायडरमॅन' हा ऑगस्ट १९६२ चा. स्टॅन ली हे त्याचे लेखक व स्टीव्ह डिट्को हे चित्रकार. ह्या कथांचें मुख्य वैशिष्ट्य असें कीं, त्या संपत नाहींत. कादंबरीस शेवट असतो, नाटकास भरतवाक्य असतें. ह्यांस दोन्ही नाहीं. लेखक थकतात, बदलतात, मरतात. नायक मात्र तोच, आणि बहुतेक तरुणच! शिवाय ह्या नायकांची मालकी लेखकाकडे नसून प्रकाशन संस्थेकडे असते. त्यामुळें एकाच नायकाच्या चरित्रास कधीं उत्तम हात लागतो, कधीं सामान्य, तर कधीं अगदींच कच्चा.

आमच्या पिढीस हा प्रकार सर्वस्वीं अपरिचित होता असें नाहीं. १९६४ पासून मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघत, व ते मराठींतहि येत. ली फॉक यांनीं १९३६ सालीं निर्माण केलेला 'फँटम' त्यांत 'वेताळ' हें नांव घेऊन आला. वडिलांची पाठ वळली कीं आम्हींहि तो वाचलेला आहे. पण आम्ही मोठे झालों, आणि १९९० सालीं ती मालिकाहि बंद पडली. आमच्या निष्ठेची कसोटी लागण्यापूर्वींच आमची सुटका झाली. अमेरिकन वाचकाचें तसें नाहीं. त्याची मालिका बंदहि पडत नाहीं, आणि सदैव चांगलीहि राहत नाहीं.

ती किती बिघडूं शकते, ह्याचीं दोन उदाहरणें खोक्यांतूनच मिळालीं. स्पायडरमॅन म्हणजे पीटर पार्कर नांवाचा एक पोरका विद्यार्थी. १९७५ सालच्या एका कथेंत एका दुष्ट प्राध्यापकानें त्याची हुबेहूब प्रतिकृति निर्माण केली होती. ती प्रतिकृति मेली, असें वाचक धरून चालले होते. १९९४ सालीं प्रकाशकांनीं तो तोतया जिवंत परत आणला. कथा थोडक्यांत आटपावयाची होती. परंतु खप चांगला दिसल्यामुळें ती लांबतच गेली. त्या वेळीं ह्या एका नायकाचीं चार मासिकें निघत, व कथा एकांतून दुसऱ्यांत उडी मारी. म्हणजे ती समजावयाची तर चारहि घेणें प्राप्त. १९९५ सालीं तर असें सांगण्यांत आलें कीं, वीस वर्षें तुम्ही ज्याचीं सुखदुःखें वाचलींत तोच तोतया होय, आणि खरा तो दुसरा! भाऊसाहेबांच्या तोतयाची हकीकत ठाऊक असलेल्या मराठी माणसाचेंहि डोकें ह्यापुढें चालेनासें होईल. वाचकवर्ग खवळला. अखेर डिसेंबर १९९६ च्या अंकांत सारें फिरविण्यांत आलें. तोतया तो तोतयाच ठरून मारला गेला, आणि १९७३ सालीं मेलेल्या एका खलनायकास पुन्हां उठवून सर्व कारस्थान त्याच्या माथीं मारण्यांत आलें.

हे अंक निघाले तेव्हां पुतण्या इकडेच होता. त्यानें ते अमेरिकेंत गेल्यावर मागाहून एकेक करून मिळविले. म्हणजे वाईट आहेत हें आधीं पक्कें ठाऊक असून!

दुसरें उदाहरण २००७ सालचें, व तें त्यानें प्रत्यक्ष सोसलें. पीटरचें मेरी जेन हिच्याशीं १९८७ सालीं लग्न झालें होतें. वीस वर्षें संसार चालला. मग ज्या मे काकूनें त्याला लहानाचा मोठा केला, तिला गोळी लागून ती मरणोन्मुख झाली. तेव्हां मेफिस्टो नांवाचा सैतान येऊन म्हणाला, "काकूचा जीव वांचवितों, मोबदला म्हणून तुमचें लग्न मला द्या." नवराबायकोनें तें दिलें, आणि तें लग्न कधीं झालेंच नव्हतें असें जग होऊन बसलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस पीटरचा पेंच चटकन् समजेल. काकूसाठीं त्यानें त्याग केला ह्याचा वाचकांस राग नव्हता. राग असा कीं, प्रकाशकांस नायक अविवाहित हवा होता, व त्यासाठीं वीस वर्षांचा संसार पाटीवरच्या अक्षरांप्रमाणें पुसून टाकण्यांत आला. ज्या लेखकाच्या नांवावर ती कथा आहे, त्यानेंहि तिच्या शेवटाशीं आपण सहमत नसल्याचें जाहीर केलें. इतकें होऊनहि २००८ सालीं तें मासिक महिन्यांतून तीनदां निघूं लागलें. गिऱ्हाइक होतें, म्हणूनच निघालें.

आतां सूनबाईंचा सवाल पुन्हां घेऊं. वाईट आहे, तर घेतात कशाला?

पहिला तर्क लोभाचा. जुन्या दुर्मिळ अंकांस तिकडे मोठी किंमत येते, म्हणून लोक ते जपून ठेवीत असतील असें आम्हांस वाटलें. पण इतिहास ह्याच्या उलट साक्ष देतो. १९९१ सालीं 'एक्स-मेन' ह्या मालिकेच्या एका नव्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९९२ सालीं सुपरमॅनचा 'मृत्यु' छापण्यांत आला, तेव्हां काळ्या पिशवींतला तो अंक घेण्यासाठीं दुकानांपुढें रांगा लागल्या. पुढें किंमत येईल ह्या आशेनें एकेकानें अनेक प्रती घेतल्या. पण जी वस्तु सर्वांनींच जपून ठेवली ती दुर्मिळ कोठून होणार? १९९३ सालीं सुपरमॅनहि जिवंत होऊन परत आला. भाव कोसळले, पुष्कळ दुकानें बंद पडलीं, आणि डिसेंबर १९९६ मध्यें स्पायडरमॅनची मालक असलेल्या मार्व्हल संस्थेनें दिवाळखोरीचा अर्ज केला. लोभानें आलेले लोभाबरोबर गेले. मागें जे राहिले, ते लोभी नव्हते.

दुसरा तर्क संवयीचा, व त्यांत तथ्य आहे. अंकांवर क्रमांक असतो, आणि क्रमांक ही मोठी मोहिनी आहे. दोनशें अंक ओळीनें असतां मधला एक नसला, तर तो दांत पडल्यासारखा डोळ्यांस खुपतो. शिवाय तेथील व्यापाराची रीतहि संवयीस पोषक आहे. पूर्वीं हे अंक वृत्तपत्रांच्या दुकानीं विकले जात, व न खपलेले परत करतां येत. १९७० नंतरच्या दशकांत निराळी पद्धत सुरू झाली: खास चित्रकथांच्या दुकानदारानें आगाऊ मागणी नोंदवावयाची, आणि न खपलेला माल परत करावयाचा नाहीं. त्यामुळें दुकानदार नित्याच्या गिऱ्हाइकाची यादी ठेवतो व त्याचे अंक बाजूस काढतो. यादींतून नांव कमी करणें म्हणजे ओळखीच्या माणसास तोंडावर नकार देणें. तें आपल्यासारख्यांस दूधवाला बदलण्याइतकेंच जड जातें.

परंतु संवय मनुष्यास मुकाट्यानें ओढून नेते. सुपारी खाणारा सुपारीवर रागावत नाहीं. हे वाचक तर रागावतात, भांडतात, पत्रें लिहितात. जेथें राग आहे तेथें केवळ संवय नाहीं; तेथें कांहीं हक्क मानलेला आहे. तो हक्क कशाचा, हाच खरा प्रश्न.

आमच्या संस्कृताच्या अध्ययनानें येथें आम्हांस हात दिला. व्यवहारांत आपण स्थालीपुलाकन्यायानें चालतों. भाताचें एक शीत दाबून सबंध पातेल्याची परीक्षा करतों. निष्ठावंत वाचक हा न्यायच मानीत नाहीं. कारण त्याच्या मतें अंक हें शीतच नव्हे. साहित्यशास्त्रकारांनीं स्थायी भाव व संचारी भाव असा भेद केलेला आहे. स्थायी भाव मनांत घर करून असतो; शंका, चिंता, विषाद इत्यादि संचारी भाव लाटांप्रमाणें येतात, त्यास हेलकावे देतात व विरून जातात. ह्या वाचकाची पात्रावरील प्रीति हा स्थायी भाव होय, आणि अंकाबद्दलची निराशा हा संचारी. निराशेनें प्रीति नाहींशी होत नाहीं. उलट प्रीति आहे म्हणूनच निराशा इतकी तीव्र होते. रामनवमीच्या कीर्तनास बुवांचा गळा बसलेला असला, म्हणून कोणी रामजन्म सोडून घरीं जात नाहीं. बुवांना नांवें ठेवील, पण पाळणा हालवूनच उठेल.

ह्या प्रीतीस आशेची जोड असते, व ती आशा अगदींच निराधार नसते. 'एक्स-मेन' ही मालिका १९६३ सालीं निघाली. खप खालावल्यामुळें १९७० सालीं तिच्यांत नव्या कथा देणें बंद झालें, आणि पुढें पांच वर्षें जुन्याच कथा पुन्हां छापून ती कशीबशी जिवंत ठेवण्यांत आली. १९७५ सालीं तिला नवे लेखक-चित्रकार मिळाले. त्यांपैकीं ख्रिस क्लेअरमाँट ह्या लेखकानें सोळा वर्षें ती सांभाळली, आणि ज्या अंकाचा विक्रम आम्हीं वर सांगितला तो तिच्याच कुळांतला. जे शिळ्या कथांच्या दिवसांतहि टिकून राहिले, त्यांच्या दृष्टीनें हें भाकित खरें झाल्यासारखें होतें. 'ग्रीन लँटर्न' मालिकेच्या हाल जॉर्डन ह्या सज्जन नायकास १९९४ सालीं एकाएकीं खुनशी खलपुरुष करण्यांत आलें. वाचकांनीं संघ स्थापून निषेध चालविला. आणि २००४ सालीं सुरू झालेल्या कथेंत त्यास पुन्हां पूर्वपदावर आणण्यांत आलें.

रुसलेले वाचक टिकून राहतात, त्यांतूनच पुढचे लेखकहि निघतात. जिम शूटर नांवाच्या एका गरीब घरच्या मुलास सुपरमॅनच्या प्रकाशकांच्या कथा इतरांच्या मानानें फिक्या वाटत. तेराव्या वर्षीं त्यानें स्वतःच कथा रचून त्या प्रकाशकांकडे पाठविल्या. १९६६ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, त्या छापून आल्या. आणि १९७८ सालीं तो मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. नापसंत कथेवर नुसता उसासा टाकून तो दुसरीकडे वळला असता, तर हें घडतें ना.

येथवर वाचकांची बाजू झाली. पण निवाडा करणारास दुसरीहि बाजू पाहावी लागते. प्रकाशक प्रती मोजतो, उसासे मोजीत नाहीं. शिव्या देत घेतलेला अंक व आनंदानें घेतलेला अंक ह्यांचे पैसे त्याच्या वहींत सारखेच जमा होतात. तोतयाची कथा दोन वर्षांवर लांबली ती वाचकांस आवडली म्हणून नव्हे, तर ते घेत राहिले म्हणून. म्हणजे ज्या निष्ठेनें मालिका जगते, त्याच निष्ठेनें ती आळशीहि होते. वाचकांचा कौल सरळ विचारण्याचा एक प्रसंग १९८८ सालीं घडला. 'बॅटमॅन'च्या जेसन टॉड ह्या बालसाथीदारास मारावें कीं ठेवावें, हें टेलिफोनवरून मतें घेऊन ठरविण्यांत आलें. मारण्याच्या बाजूनें ५३४३ व ठेवण्याच्या बाजूनें ५२७१ मतें पडलीं. बहात्तर मतांनीं तो पोरगा गेला, आणि २००५ सालीं त्यासहि परत आणलेंच! एरवीं वाचकाच्या हातीं एकच मत असतें, तें म्हणजे त्याचा पैसा. आणि निष्ठावंत वाचक तें मत दरमहा डोळे मिटून देऊन टाकतो.

एवढा विचार झाल्यावर निवाडा सोपा होता. पण एका दुपारीं आम्हीं स्पायडरमॅनची १९६२ सालची अगदीं पहिली कथा वाचावयास घेतली, आणि आमचें मन थबकलें. त्या पीटरचे आईबाप नाहींत. बेन काका व मे काकू त्यास वाढवितात. समोरून पळणाऱ्या एका चोरास तो गर्वानें अडवीत नाहीं, आणि पुढें तोच चोर बेन काकांचा जीव घेतो. त्या एका चुकीची टोंचणी त्यास जन्मभर पुरते.

आमचा पुतण्या नऊ वर्षांचा असतांना आमचा धाकटा भाऊ वारला. दोन वर्षांनीं भावजयहि गेली. तो आमच्याच घरीं, काकाकाकूंच्या हाताखालीं वाढला. रद्दीवाल्याकडून हे अंक तो त्याच सुमारास आणूं लागला होता. आम्हीं शिस्तीचे मास्तर. अभ्यास बुडतो म्हणून एकदां त्याचे सारे अंक रद्दींत घातले. तो एक शब्द बोलला नाहीं. आमच्या सौ. त्या वेळीं म्हणाल्या होत्या कीं, पोराला कशाचा आधार आहे कोण जाणे, तुम्ही तो काढून घेऊं नका. आम्हीं ऐकलें नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं हा विषय काढला, तेव्हां तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, घरांत सगळे माझी कींव करीत होते. हा एकटा माझ्यासारखा होता आणि कोणाला कींव करूं देत नव्हता. आतां त्याला लेखक वाईट मिळाले, त्यांत त्याचा काय दोष? म्हणून त्याला सोडूं?"

ह्यावर काय बोलावें हें आम्हांस सुचेना. रद्दीची गोष्ट त्यास आठवत होती कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. पण आमची चूक मात्र आम्हीं त्याच्यापाशीं कबूल केली. वाचकांमध्यें जे आईबाप व काकाकाकू असतील, त्यांस इतकेंच सांगणें आहे कीं, मुलाच्या हातांतील पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वीं त्यांत तो काय शोधीत आहे, हें एकदां पानें उलटून पाहावें.

निवाडा आम्हीं दिला तो असा: ममता पात्राशीं आहे, ती खुशाल आमरण असावी, पण पैसा लेखकाच्या हातीं जातो, तो कामाच्या गुणावर द्यावा. मालिकेचे दिवस वाईट असतील, तेव्हां गांवच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून बांधीव खंड आणून वाचावे. तिकडे तीं ग्रंथालयें ह्या बाबतींत उदार आहेत. क्रमांकाची खांच राहिली तर राहूं द्यावी; आपल्या कुळवृत्तांतांतहि खांचा असतात, म्हणून कूळ मोडत नाहीं. आणि घरीं आणलेल्या अंकाबद्दल जेवतांना चिडचिड करूं नये. तो राग प्रकाशकांस पत्र लिहून पोंचवावा. सूनबाईंसहि आम्हीं सांगितलें कीं, त्या स्वतः एक मराठी मालिका रोज रात्रीं बघतात आणि नायिकेच्या सासूस रोज दूषणें देतात. तिच्या पुढच्या भागाची वाट पाहणें त्यांनीं थांबविलें, म्हणजे मग नवऱ्यास बोलावें. त्या हंसल्या, व खोकीं ओलीपासून उंचावर ठेवण्यासाठीं एक फळी आणविण्याचें त्यांनींच सुचविलें.

गेल्या महिन्यांत पुतण्याचें पत्र आलें. यादींतून दोन मालिका त्यानें कमी केल्या आहेत, आणि एका संपादकास खरमरीत पत्रहि लिहिलें आहे. तिसरी कमी करणार होता, पण पुढील महिन्यांत तिला नवा लेखक मिळणार आहे म्हणे. तेव्हां एक-दोन अंक पाहून ठरवूं, असें तो लिहितो.